शब्दाची पत : टेलिनोव्हेलातील गैरसमजाविषयी

हवानाच्या सी.एम.क्यू. या रेडिओ केंद्रावरून १९४८ साली 'एल देरेचो दे नासेर' – जन्माचा हक्क – ही मालिका प्रसारित होऊ लागली. तिचा लेखक फेलिक्स काइग्नेत. स्पॅनिश भाषेतील पुढल्या टेलिनोव्हेलांची ही जननी मानली जाते, आणि ते मानणे अनाठायी नाही. कथा थोडक्यात अशी : डॉन राफाएल देल हुंको या धनाढ्य, कुलाभिमानी गृहस्थाच्या अविवाहित कन्येला, मारिया एलेनाला, मूल होते. घराण्याची अब्रू राखण्यासाठी त्या अर्भकाचा निकाल लावण्याची आज्ञा खुद्द आजोबाच देतो. घरातील कृष्णवर्णी दासी मामा दोलोरेस मुलाला घेऊन परागंदा होते, काबाडकष्ट करून त्याला वाढवते, शिकवते. तो डॉक्टर होतो. इकडे मारिया एलेना संन्यस्त होऊन मठात जाते. पुढे हा तरुण डॉक्टर, अल्बेर्तिको लिमोन्ता, एका वृद्धाला स्वतःचे रक्त देऊन वाचवतो. तो वृद्ध म्हणजे डॉन राफाएल. आपल्या प्राणदात्याचे कूळमूळ त्याला यथावकाश उमगते. आणि त्या धक्क्याने त्याची वाचा जाते.

यानंतर कितीतरी भाग डॉन राफाएल अंथरुणाला खिळून आहे. सत्य त्याला ठाऊक आहे, ते सांगण्याची तळमळ आहे, आणि तोंडातून शब्द फुटत नाही. डॉन राफाएल कधी बोलणार, या एका प्रश्नाने त्या काळी क्यूबातील श्रोते झपाटले होते. या मौनाचे मूळ अगदी व्यावहारिक होते असे सांगतात : ती भूमिका करणाऱ्या नटाने मानधन वाढवून मागितले, आणि चिडलेल्या काइग्नेतने पात्राची वाचाच काढून घेतली. आख्यायिका खरी असो वा रचलेली असो, तीत एक मर्म आहे. ज्या माध्यमात आवाजावाचून माणसाला अस्तित्वच नाही, त्या रेडिओवर एक मुके पात्र मध्यवर्ती होऊन बसले. त्याच्या कण्हण्याभोवती साऱ्या कथेचा तोल राहिला.

परंतु या काळात आणखी एका व्यक्तीला हे सर्व सत्य पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि तिची वाचा पूर्णपणे शाबूत आहे. ती व्यक्ती म्हणजे मामा दोलोरेस. ती गप्प राहते याचे कथानकातील कारण उघड आहे. मुलाच्या जिवाची भीती तिच्या मनात आरंभापासून आहे. तथापि श्रोत्यांची उत्कंठा तिच्या मौनाभोवती फिरत नाही, डॉन राफाएलच्या मौनाभोवती फिरते. कारण उद्या ती बोललीच, तरी एका दासीच्या सांगण्यावरून कोणी देल हुंको घराण्याचा नातू ठरत नाही. ज्याने मुलाला नाकारले त्याच्याच मुखातून ते सत्य यावे लागते. टेलिनोव्हेला या प्रकारातील गैरसमजाचा विचार करू पाहणाऱ्याने या दोन मौनांपासून सुरुवात केली, तर त्याला पुष्कळ गोष्टी सुलभपणे कळतील.

सुशिक्षित प्रेक्षकाचा या मालिकांवरील आक्षेप ठरलेला असतो : या माणसांनी एकमेकांना एकदा नीट विचारले, तर दीडशे भागांची कथा दोन भागांत संपेल. दाराआडून अर्धवट काहीतरी ऐकायचे, कोणाच्या तरी मिठीत कोणाला तरी पाहायचे, आणि स्पष्टीकरणाची वाट न पाहता घर सोडून जायचे, हा सारा कृतक खटाटोप आहे, असे तो म्हणतो. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. लेखकाला भाग भरावयाचे असतात, आणि गैरसमज हे भरावाचे सर्वांत स्वस्त साहित्य आहे. पण आक्षेपामागे एक गृहीत दडलेले आहे, ते तपासले पाहिजे. विचारले असता उत्तर मिळेल, आणि उत्तर मिळाले असता ते ग्राह्य धरले जाईल, असे ते गृहीत आहे. ज्यांच्या शब्दाला समाजात पत आहे त्यांना ही गोष्ट हवेपाण्याइतकी स्वाभाविक वाटते. ज्यांना ती नाही त्यांची गोष्ट वेगळी.

मराठी वाचकाला येथे 'संशयकल्लोळ' आठवेल. मोलिएरच्या एका प्रहसनावरून आयरिश नाटककार आर्थर मर्फीने नाटक रचले आणि त्यावरून देवलांनी. १९१६ मध्ये संगीतरूपात आलेल्या त्या नाटकात फाल्गुनराव आणि कृत्तिका एका तसबिरीपायी एकमेकांवर संशय घेतात. दोघांचाही संशय खोटा, दोघेही सारखेच हास्यास्पद, आणि दोघांनाही भांडण्याचा सारखाच अधिकार. म्हणून तो कल्लोळ हसण्याचा विषय होऊ शकतो. (रेवतीच्या बाबतीत हे समीकरण किंचित बिघडते. ती नायकिणीच्या घरची आहे, तिच्या निष्ठेला पुरावा लागतो. आणि तेवढ्यापुरते ते प्रहसन कावरेबावरे होते.) टेलिनोव्हेलात ही समानता मुळातच नसते. तिथे संशय घेणारा प्रासादात राहतो, आणि जिच्यावर तो घेतला जातो ती त्याच प्रासादाच्या स्वयंपाकघरातून किंवा रस्त्यावरून आलेली असते.

या संशयाची वंशावळ बरीच जुनी आहे. सतराव्या शतकातील स्पॅनिश नाटककार काल्देरोन याचे 'आपल्या अब्रूचा वैद्य' या अर्थाचे शीर्षक असलेले नाटक १६३७ मध्ये छापले गेले. दोन्या मेन्सिया हिच्यावर तिच्या पतीचा, दोन गुतिएर्रेचा, संशय आहे. राजपुत्र तिच्यावर पूर्वीपासून अनुरक्त आहे, हे खरे. ती निर्दोष आहे, हेही खरे. आपल्या अब्रूला बट्टा लागू नये म्हणूनच ती राजपुत्राला पत्र लिहावयास बसते. पती मागून येतो, अपुरे पत्र तिच्या हातून घेतो, आणि त्या अपुऱ्या वाक्यातून त्याला हवा तो अर्थ काढतो. मग एका शस्त्रवैद्याला आणवून तिच्या शिरा कापवल्या जातात. वाक्य पुरे करण्याइतका अवकाशही तिला मिळत नाही.

टेलिनोव्हेलातील दाराआडून ऐकलेला अर्धा संवाद हा या अपुऱ्या पत्राचा दूरचा वंशज आहे. मात्र दोहोंत एक भेद आहे आणि तो मोलाचा आहे. काल्देरोनच्या नाटकात संशय आला की शिक्षा झाली. टेलिनोव्हेला संशय आणि निवाडा यांच्यामध्ये काही महिन्यांचे अंतर घालते. नायिका हाकलली जाते, बदनाम होते, तिचे मूल हिरावले जाते, पण ती मरत नाही. आठवड्यातून पाच दिवस, रोज एक भाग, अशा गतीने काळ तिच्या बाजूने काम करू लागतो. ज्या लांबणीचा समीक्षकाला कंटाळा येतो ती लांबण मेन्सियाला लाभली असती, तर ती वाचली असती. शिवाय अमेरिकेतील इंग्रजी सोप ऑपेरा दशकानुदशके चालू राहू शकते. टेलिनोव्हेलाला शेवट असतो, आणि तो येणार हे प्रेक्षकाला पहिल्या भागापासून ठाऊक असते. सत्य उघडकीस येईल की नाही, अशी ही उत्कंठा नसते. ते कोणाच्या तोंडून येईल आणि तोवर किती नुकसान झालेले असेल, एवढेच पाहावयाचे असते.

मेक्सिकोच्या तेलेव्हिसाने १९७९ मध्ये सुरू केलेली 'श्रीमंतही रडतात' ही मालिका या दृष्टीने उद्बोधक आहे. इनेस रोदेनाच्या रेडिओकथेवर ती आधारलेली होती. बेरोनिका कास्त्रोने तीत मारियानाची भूमिका केली. पोरकी, अडाणी मारियाना एका श्रीमंताच्या घरात आश्रयास येते, त्याच्या मुलाशी, लुइस आल्बेर्तोशी, तिचे लग्न होते. पुढे पती परपुरुषावरून तिच्यावर संशय घेऊन तिला टाकून जातो. ती प्रसूत होते, आणि मनाचा तोल गेलेल्या अवस्थेत आपले मूल रस्त्यावर लॉटरीची तिकिटे विकणाऱ्या एका स्त्रीच्या हाती देऊन टाकते. उत्तरार्ध आहे तो त्या मुलाच्या शोधाचा. मुलगा सापडतो तेव्हा तो तरुण झालेला आहे. आणि आता मारियाना त्याला आपले नाते सांगू शकत नाही, कारण नाते सांगायचे तर टाकल्याचेही सांगावे लागेल. ती त्याला चोरून भेटते, त्याचे लाड करते, आणि एका तरुणाला चोरून भेटणाऱ्या बाईविषयी जो अर्थ घेतला जातो तोच अर्थ पती पुन्हा घेतो. बाप आणि मुलगा शत्रू म्हणून एकमेकांसमोर उभे ठाकतात तेव्हाच तिच्या तोंडून नाते बाहेर पडते.

येथे एकाच स्त्रीवर दोनदा संशय येतो, पण दोन्ही संशय एका जातीचे नाहीत. पहिल्या वेळी ती बोलू शकत होती आणि तिच्या बोलण्याला किंमत नव्हती. दुसऱ्या वेळी ती घराची मालकीण आहे, तिच्या शब्दाला आता किंमत आहे, आणि ती बोलू शकत नाही. पहिल्या अन्यायानेच दुसरे मौन घडवले आहे. बटबटीत संवाद, अश्रूंचा अखंड पाट आणि गच्च भरलेली पार्श्वसंगीताची चौकट यांच्याखाली इतकी नेमकी रचना दडलेली असू शकते, ही गोष्ट मान्य करायला समीक्षक सहसा राजी नसतो. १९९१ च्या अखेरीस रशियन भाषेत रूपांतरित होऊन ही मालिका मॉस्कोत दाखवली गेली आणि तिथे अफाट लोकप्रिय झाली. विश्वास न ठेवला जाण्याचा अनुभव मेक्सिकोपुरता मर्यादित नाही. सोव्हिएत राज्यव्यवस्था कोसळत असतानाच्या त्या हिवाळ्यात तर नव्हताच नव्हता.

या प्रकारातील सर्वांत कुशल लेखिका म्हणजे देलिया फियायो. जन्माने क्यूबन, १९६६ मध्ये देश सोडला, आणि पुढे व्हेनेझुएलाच्या दूरचित्रवाणीसाठी लिहिले. १९७० ची 'एस्मेराल्दा' ही तिची बहुधा सर्वाधिक वेळा पुनर्निर्मित झालेली कथा. वादळी रात्री एका जमीनदाराच्या घरी मुलगी जन्मते, ती मृत आहे असे समजून तिच्या जागी एक पोरका मुलगा ठेवला जातो. मुलगी जगते, पण आंधळी असते. वाढल्यावर तिचे प्रेम जडते ते नेमके त्याच मुलावर. पुढे विद्रूप चेहऱ्याचा एक डॉक्टर तिला आपल्या कब्जात ठेवतो, आणि तिच्या पोटातील मूल आपले नव्हे अशी नायकाची समजूत होते. ज्याने सर्व पाहिले असते तो साक्षीदार आंधळा आहे, ही फियायोची युक्ती. आंधळीने काय पाहिले, असे विचारणे सोपे असते. तिने काय सोसले, हे तिला विचारण्याची गरज मग कोणाला भासत नाही.

फियायोची कारागिरी मान्य करूनही एक तक्रार नोंदवणे भाग आहे. एस्मेराल्दा अखेर जमीनदाराचीच मुलगी निघते. अल्बेर्तिको देल हुंकोंचाच नातू निघतो. म्हणजे ज्या व्यवस्थेने गरिबाच्या शब्दाला पत नाकारली, तिच्याशी कथा शेवटी तडजोड करते : बोलणारा मुळात गरीब नव्हताच, असे सांगून. रक्ताची साक्ष ग्राह्य ठरते. शब्द होता तिथेच राहतो. मामा दोलोरेसच्या नशिबी असे कोणतेही अभिज्ञान नाही. तिच्या मायेचे पोवाडे गायले जातात, तिला देवतास्वरूप दिले जाते, १९६६ च्या मेक्सिकन चित्रपटात एउसेबिया कोस्मेसारखी थोर आफ्रो-क्यूबन कलावती ती भूमिका करते. पण तिची कोणाशी ओळख पटायची उरलेली नसते. कारण ती कोण आहे याविषयी कोणाचा गैरसमज झालेलाच नसतो. गैरसमजाचा विषय होण्यासाठीही किमान एक दडलेले कुलनाम असावे लागते. टेलिनोव्हेलाच्या अंतःकरणातील ही मर्यादा तिच्या भडकपणापेक्षा कितीतरी अधिक गंभीर आहे, आणि तिच्यावर टीका करायचीच तर येथे करावी.

कोलंबियात स्थायिक झालेले विचारवंत हेसूस मार्तीन-बार्बेरो यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात लॅटिन अमेरिकन अतिनाट्याला ओळख पटण्याचे नाट्य म्हटले, ते या संदर्भात महत्त्वाचे आहे. पुत्राला पित्याने, मातेला पुत्राने ओळखावे यासाठीची झुंज हा त्या कथांचा गाभा होय, आणि तीत जनसामान्यांची स्वतःला ओळखले जावे ही आकांक्षा मिसळलेली असते, असा त्यांचा रोख आहे. त्याआधी, १९७६ मध्ये, पीटर ब्रुक्स यांनी फ्रेंच अतिनाट्याच्या विवेचनात मुक्या पात्रांच्या वारंवार होणाऱ्या योजनेकडे लक्ष वेधले होते. डॉन राफाएलचे मौन या दोन निरीक्षणांच्या संधीवर उभे आहे. परंतु दोघांच्याही विवेचनात श्रोत्याच्या भूमिकेला जेवढे स्थान मिळावयास हवे होते तेवढे मिळालेले दिसत नाही.

हा श्रोता आयता घडलेला नाही. क्यूबातील सिगार कारखान्यांत १८६५ पासून एक प्रथा रूढ झाली. तंबाखूची पाने वळत बसलेल्या कामगारांना एक वाचक उच्चासनावर बसून वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवी. त्याचे वेतन कामगार स्वतः वर्गणी काढून देत. अलेक्झांडर द्यूमा त्यांचा आवडता. 'मोन्तेक्रिस्तो' हे सिगारचे नाव त्याच्या कादंबरीवरूनच पडले. हात कामात आणि कान कथेत, अशा श्रोत्यांच्या पिढ्या तिथे तयार झाल्या. रोजचा तुकडा ऐकायचा, उद्यापर्यंत तो सांभाळायचा आणि दरम्यान आपसांत पात्रांचा न्यायनिवाडा करायचा, हे शिक्षण रेडिओच्या आधीचे आहे.

टेलिनोव्हेलात प्रत्येक पात्र काही ना काही ऐकण्यास चुकते. नायिका खोलीत शिरते तेव्हा अर्धे वाक्य होऊन गेलेले असते. नायक निघून जातो तेव्हा उरलेले अर्धे यावयाचे असते. खलनायिका मात्र सगळे ऐकते, कारण दाराआड उभे राहण्याची तिला लाज नसते. पूर्ण ऐकणारा, कोणताही स्वार्थ नसलेला, असा एकच उरतो, तो प्रेक्षक. तो साक्षीदार आहे आणि त्याची साक्ष कोणी काढत नाही. दूरचित्रवाणी संचाशी मोठ्याने भांडणाऱ्या, नायकाला मूर्ख म्हणणाऱ्या बायांची थट्टा केली जाते. त्या बाया करतात ते एवढेच : त्यांना जे ठाऊक आहे ते सांगण्याचा त्या प्रयत्न करतात. त्यांचाही शब्द पोहोचत नाही. नायिकेशी त्यांची जवळीक होते ती दुःखाच्या साम्यापेक्षा या अगतिकतेच्या साम्यामुळे अधिक असावी.

मेक्सिकन निर्मितीतील एका तांत्रिक प्रथेचा उल्लेख ओघाने करावयास हरकत नाही. मराठी रंगभूमीवरचा प्रॉम्प्टर विंगेत उभा राही. मेक्सिकोच्या स्टुडिओत तो नटाच्या कानात जाऊन बसला. कानातल्या एका छोट्या यंत्रातून संवाद सांगितले जात आणि नट ते उच्चारी. पाठांतराला वेळ नसलेल्या उद्योगाची ही सोय होती. तिचा परिणाम मात्र शैलीवर झाला : उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबणारा, काहीतरी ऐकत असल्यासारखा दिसणारा चेहरा, आणि त्यावर रोखलेला कॅमेरा. गैरसमजाच्या प्रसंगी हा विलंब फार उपयोगी पडतो. पात्र समोरच्याचे ऐकत नसून दुसऱ्याच कोणाचे तरी ऐकत आहे, असे वाटते. आणि ते वाटणे अक्षरशः खरे असते.

भारतीय काव्यशास्त्राच्या चौकटीत हे सारे कोठे बसेल? मम्मटाने विप्रलंभ शृंगाराचे अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास आणि शाप असे पाच हेतू सांगितले आहेत. वरवर पाहता टेलिनोव्हेलातील ताटातूट ईर्ष्येत जमा होईल. पण संस्कृत परंपरेतील ईर्ष्या मुख्यतः नायिकेची असते. खंडिता पहाटे परतलेल्या प्रियकराच्या अंगावरील नखक्षते वाचते, आणि तिचे वाचन अचूक असते. रागावण्याचा अधिकार तिचा, पायी लोळण घेण्याचे काम त्याचे. टेलिनोव्हेलात वाचणारा पुरुष आहे, वाचली जाते ती स्त्री, आणि वाचन चुकीचे आहे. या उलटापालटीला शास्त्रात नाव नाही. उदाहरण मात्र आहे, आणि ते महाभारतातले आहे. आदिपर्वातील दुष्यंत शकुंतलेला विसरलेला नाही. तिला ओळखूनही तो नाकारतो, आणि आकाशवाणी झाल्यावर दरबाऱ्यांना सांगतो की केवळ हिच्या शब्दावरून मुलाला स्वीकारले असते तर लोकांनी शंका घेतली असती. कालिदासाने शाप आणि अंगठी आणून राजाला वाचवले. काव्य त्याने मिळवले. पण व्यासांच्या राजाने उघडपणे बोलून दाखवलेली अडचण त्या रमणीय विस्मृतीत बुडून गेली. हवाना आणि काराकासचे कथालेखक, कालिदासाची सर त्यांना कदापि येणार नाही हे खरे असले तरी, या एका बाबतीत व्यासांच्या अधिक जवळ आहेत.

या परंपरेचा एक ओघ भारतातही आला, त्याची हकीकत काहीशी मौजेची आहे. पेरू देशात १९६९ मध्ये 'सिम्प्लेमेन्ते मारिया' या मालिकेतील मोलकरीण शिवणकाम शिकून स्वतःच्या पायांवर उभी राहिली, आणि प्रेक्षक स्त्रियांत शिवणयंत्रांची मागणी वाढली. त्यावरून मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी लोकशिक्षणासाठी मालिका रचण्याची पद्धत बसवली. विदर्भातून लोकसभेवर गेलेले वसंत साठे माहिती व नभोवाणी मंत्री असताना १९८२ मध्ये मेक्सिकोला गेले होते, तेथून ही कल्पना इकडे आली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली 'हम लोग' १९८४ च्या जुलैमध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. तीत प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन घडलेल्या गोष्टीचा अर्थ सांगत. क्यूबातील आजोबाची वाचा गेली होती. भारतातील आजोबा न चुकता बोलत होते. शासकीय माध्यमाला गैरसमजाचे भय वाटणे स्वाभाविकच होते.

पुढच्या पिढीतील लेखकांनी या जुन्या यंत्रणेचे काय केले, हे पाहण्यासाठी कोलंबियाच्या फर्नांदो गाइतानकडे वळावे लागते. 'यो सोय बेती, ला फेआ' – मी बेती, कुरूप – ही त्याची मालिका १९९९ ते २००१ या काळात चालली. भारतात २००३ पासून दाखवली गेलेली 'जस्सी जैसी कोई नहीं' ही तिचेच रूपांतर. बेआत्रिस पिन्सोन ही बुद्धिमान, अर्थशास्त्र शिकलेली, रूढ अर्थाने कुरूप मुलगी एका वस्त्रप्रावरणांच्या कंपनीत सचिव होते. मालक आर्मांदो मेन्दोसा कंपनी बुडू नये म्हणून ती कागदोपत्री बेतीच्या ताब्यात देतो. आणि ती उलटू नये म्हणून तिला प्रेमाच्या जाळ्यात ओढ, असा सल्ला त्याचा मित्र देतो. मित्राचे नाव मारियो काल्देरोन. हा योगायोग असेल; पण मौजेचा खरा. हा मित्र प्रवासाला जाताना भेटवस्तूंबरोबर एक पत्र ठेवून जातो, त्यात बेतीला कसे भुलवावे याच्या सविस्तर, क्रूर सूचना आहेत. ते पत्र बेतीच्या हाती पडते.

जुन्या टेलिनोव्हेलात असे पत्र बनावट असते. मान्वेल पुइगच्या १९६९ च्या 'बोकितास पिन्तादास' या कादंबरीतही, जी या लोकप्रिय प्रकाराचेच रूप धारण करून त्याला आतून तपासते, बहीण आईच्या नावाने पत्रे लिहिते आणि त्या खोट्या पत्रांनी एक संसार विस्कटतो. गाइतानचे पत्र मात्र अस्सल आहे. त्यातील शब्द न् शब्द खरा आहे. कट खरोखरच शिजला होता. खोटे आहे ते एवढेच की दरम्यान आर्मांदो तिच्यावर खरोखर प्रेम करू लागला आहे, आणि ही गोष्ट पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. बेती पूर्ण वाचते, अचूक वाचते, आणि तरीही तिचा गैरसमज होतो. पुरावा खरा आणि निष्कर्ष चुकीचा, अशी ही अवस्था. पत्र कालबाह्य झाले आहे, आणि ते झाल्याची ग्वाही देऊ शकणारा एकमेव माणूस त्या पत्रातला गुन्हेगार आहे.

येथे पतीचे गणित प्रथमच उलटते. आता मालकाच्या शब्दाला किंमत उरलेली नाही. आर्मांदो ओरडून, रडून, दारू पिऊन, मार खाऊन सांगतो; त्याचे प्रत्येक आर्जव त्याच जुन्या कटाचा पुढला हप्ता म्हणून वाचले जाते, आणि तसे वाचण्याला बेतीजवळ सबळ कारण आहे. तिच्यावर अन्याय होत आहे असे म्हणता येत नाही, त्याच्यावर होत आहे असेही धड म्हणवत नाही. प्रेक्षकाला सत्य ठाऊक असूनही बेतीने विश्वास ठेवावा असे त्याच्या तोंडून सहजी निघत नाही, ही गाइतानची खरी कमाई.

हा पेच सोडवायला कोणाला आणावे? मित्र भ्रष्ट आहे, नायकाची आई पक्षपाती ठरेल, मैत्रिणींना काही ठाऊक नाही. गाइतान मार्सेलाला आणतो. ती आर्मांदोची वाग्दत्त वधू. सुंदर, उच्चकुलीन, आणि बेतीचा द्वेष करण्याचा जिला सर्वाधिक अधिकार आहे अशी. आर्मांदो बेतीसाठी कसा झुरला हे तिने जवळून पाहिलेले आहे, आणि ते पाहणे हाच तिच्या पराभवाचा पुरावा आहे. ती बेतीसमोर बसते आणि सांगते की त्याचे प्रेम खरे होते. या साक्षीतून तिला काहीही मिळत नाही, उलट उरलेसुरलेही जाते. न्यायालयात स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेल्या जबानीला जे वजन असते ते तिच्या शब्दांना येते. बेती विश्वास ठेवते तो मार्सेलावर. आर्मांदो त्या खोलीत नसतो, आणि आपल्या वतीने कोण बोलून गेले हे त्या घटकेला त्याला ठाऊकही नसते.